वरच्या मजल्यावरचा आवाज आणि माझं तोंड

चिंचगूळ
मंगळवार, रात्री ११:५२

लोकहो, मन मोकळं करायचंय आणि एक प्रश्नही आहे. लांबण लागेल, आधीच माफी.

आमची पुण्यातली सोसायटी बावीस वर्षं जुनी. चार मजले. लिफ्ट आहे, तिची इच्छा असली तर चालते. मी दुसऱ्या मजल्यावर. गेले तीन महिने रात्री वरून आवाज येतो. घर्रर्र... घर्रर्र... आणि मग धप्प. कधी अकराला, कधी मध्यरात्री, कधी पहाटे पाचला. माझी शिफ्ट सातची, म्हणजे उठणं साडेपाचला. झोपेचं खोबरं झालंय.

माझ्या डोक्यावर एक काका-काकू राहतात. सत्तरीच्या पुढचे, वर्षभरापूर्वी भाड्याने आलेले. काका गप्पिष्ट. भेटले की "काय गं, आज उशीर?" वगैरे. काकू मात्र लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या तरी ढिम्म हसत नाहीत. दोनदा मी "कशा आहात?" विचारलं, त्यांनी नुसतं बघितलं. मी मनात शिक्का मारून मोकळी झाले: शिष्ट बाई.

मागच्या बुधवारी रात्री १:४० ला धप्प झालं आणि माझी सटकली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांना मध्यरात्री फर्निचर हलवायची हौस असते. खाली माणसं राहतात, गोडाऊन नाही." नाव घेतलं नव्हतं. पण माझ्या डोक्यावर कोण राहतं हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. सकाळपर्यंत अकरा अंगठे. एकाने तर "भाडेकरूंसाठी वेगळी नियमावली करा" असंही सुचवून टाकलं. आणि काका ग्रुपमधून बाहेर पडलेले.

दोन दिवसांनी आमच्या कामाच्या मावशी भांडी घासताना म्हणाल्या, "वरच्या आजींचं लई वाईट वाटतं बघा." त्या वरही काम करतात. काकूंना पार्किन्सन्स आहे. रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं, बाथरूमपर्यंत चालवत नाही. म्हणून काका कमोडची खुर्ची पलंगापाशी ओढत आणतात. उचलू शकत नाहीत, त्यांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय.

मी हातातला चहा तसाच ठेवला.

काल काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "मॅडम, अजून येतो का हो आवाज?" मॅडम! मी "छे छे, अजिबात नाही" म्हटलं. येतो.

तर प्रश्न. एखाद्याच्या वागण्यामागचं कारण समजून घ्यावं, मग बोलावं, हे मला काय माहीत नव्हतं? शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची पाळी माझीच असायची. मग रात्री १:४० ला ते सगळं कुठे जातं? तुम्ही कसे थांबता? थांबता का?

विरार_फास्ट
मी थांबत नाही, मला थांबवतात. डब्यातल्या गर्दीत हात वर घ्यायला जागा नसते हो.

ऊनसावली
चिंचगूळ, स्वतःला फार बोल लावू नकोस. तीन महिने झोप नसलेला माणूस संत होत नाही. वर जा, सरळ माफी माग, खुर्चीच्या पायांना लावायचे रबरी बूट घेऊन जा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, काठीला लावतात तसले. माफीपेक्षा बूट उपयोगी पडतील.

लेव्हलट्यूब
एक शंका. ते लोक वर्षभरापासून राहतात आणि आवाज तीन महिन्यांपासून? आणि १:४० ही वेळ ठरलेली आहे का? सोसायटीचा पंप ऑटोमॅटिक आहे का? आरसीसीच्या बिल्डिंगमध्ये आवाज कॉलम आणि पाइपांतून कुठूनही कुठेही जातो. कानाला तो नेहमी वरूनच आल्यासारखा वाटतो. आधी तपासून घ्या.

निवांत_पाटील
लेव्हलट्यूबराव, इथे बाई रडकुंडीला आल्यात आणि तुम्ही पंपाचं काय घेऊन बसलात? दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

रक्तदाब
खुर्चीचं सोडा, मला त्या न हसणाऱ्या काकूंबद्दल लिहायचंय.

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना हात थरथरणं तेवढं आठवतं. पण त्या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. पापण्या कमी लवतात, चेहरा मख्ख होतो. आम्हा डॉक्टरांच्या भाषेत त्याला 'मुखवट्यासारखा चेहरा' म्हणतात. माणसाला आतून हसू येत असतं, ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आवाजही बारीक होतो. तुम्ही "कशा आहात" विचारलंत तेव्हा त्या "बरी आहे" म्हणाल्याही असतील, लिफ्टच्या पंख्यात ते ऐकू आलं नसेल.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. त्यांच्या बायकोची तक्रार होती, "हे हल्ली घरात तोंड पाडून बसतात, नातवाकडे बघूनही हसत नाहीत." तिला वाटत होतं माणूस आपल्याला कंटाळला. निदान झाल्यावर ती बाई आधी आजारावर नाही रडली. "म्हणजे हे माझ्यावर रागावले नव्हते?" हे तिचं पहिलं वाक्य.

रात्रीचं म्हणाल तर संध्याकाळच्या गोळीचा असर मध्यरात्रीपर्यंत उतरतो. अंथरुणात कूस बदलणंही जड जातं आणि लघवीला मात्र वारंवार लागते. काका एकटे हे करताहेत म्हणजे त्यांचीही झोप तुमच्याइतकीच गेलेली आहे.

चिंचगूळ
रक्तदाब, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचे ओठ हलले होते. आत्ता आठवतंय. मी फोनमध्ये बघत होते.

ऊनसावली, बूट आणलेत. वर जायचं धैर्य अजून आणायचंय.

पोलका_डॉट
मानसशास्त्रात एम.ए. केलंय, त्याचा उपयोग आजवर फक्त अशा धाग्यांवर झालाय, तर करून घेते.

दुसरा माणूस चुकला की आपण त्याचा स्वभाव काढतो, परिस्थिती बघत नाही. १९७७ मध्ये ली रॉस यांनी या खोडीला 'मूलभूत आरोपण त्रुटी' असं नाव दिलं. तिची एक बहीणही आहे: स्वतः चुकलो की परिस्थिती, दुसरा चुकला की स्वभाव. मी उशिरा आले तर ट्रॅफिक, तो उशिरा आला तर बेशिस्त. जोन्स आणि निस्बेट यांनी १९७१ मध्ये यावर लिहिलं. त्याआधी कित्येक पिढ्या आपल्या आज्या ते सहा शब्दांत सांगत होत्या: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

माझा आवडता प्रयोग १९७३ चा, डार्ली आणि बॅटसन यांचा. प्रिन्स्टनमध्ये पाद्री होण्यासाठी शिकणारी मुलं. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्या. त्यांतल्या निम्म्यांचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची. आणि वाटेत गल्लीत एक माणूस मुद्दाम बसवलेला, मान खाली घालून, खोकत, कण्हत. ज्या मुलांना घाई नव्हती त्यांतली ६३ टक्के थांबली. ज्यांना "तुम्हाला उशीर झालाय, पळा" म्हटलं होतं त्यांतली फक्त १० टक्के. परोपकारावर बोलायला निघालेली काही मुलं त्या माणसाला ओलांडून गेली! भाषणाच्या विषयाने ठळक फरक पडला नाही, घाईने पडला.

म्हणून चिंचगूळ, सुविचार १:४० ला कुठे जातो याचं उत्तर: कुठेच जात नाही, डोक्यातच असतो. पण झोप आणि घाई त्याच्या आधी बोलून घेतात.

निवांत_पाटील
हे सगळे गोऱ्यांवरचे प्रयोग. आपल्याकडे माणूस माणसाला धरून असतो.

पोलका_डॉट
गंमत म्हणजे हे तपासलं गेलंय. जोन मिलर या बाईंनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. ओळखीतल्या कुणी काही वाईट केलं तर ते का केलं असेल, असं विचारलं. अमेरिकन मोठी माणसं स्वभावावर जास्त गेली, म्हैसूरची माणसं परिस्थिती आणि नात्यांवर. लहान मुलांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, तो वय वाढेल तसा वाढत गेला. म्हणजे हे शिकावं लागतं.

निवांत_पाटील
शब्द मागे घेतो. पण ती म्हैसूरची माणसं आमच्या पार्किंगमध्ये राहायला आलेली दिसत नाहीत.

विरार_फास्ट
आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता हो. अकरा अंगठे मिळाले की स्वभाव, परिस्थिती, सगळं एकच.

खडूफळा
मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. माझी गोष्ट आवाजाची नाही, गैरहजेरीची आहे.

सहावीत एक मुलगी होती. गणितात चलाख. दिवाळीची सुट्टी संपली की गायब, उगवायची ती थेट एप्रिलमध्ये. आमच्याकडे असं निम्म्या वर्गाचं होतं, आई-बाप ऊसतोडीला जातात. पण हिची आजी गावात होती, पाचवीपर्यंत पोरगी आजीपाशी राहून शाळेत यायची. त्या वर्षी तिलाही नेलं. एप्रिलमध्ये आई शाळेत आली तेव्हा मी चार लोकांसमोर तिला सुनावलं, "तुम्हाला लेकीच्या शिक्षणाची किंमत नाही. पोरांना सांभाळायला फुकटची बाई पाहिजे तुम्हाला." बाईने पदर ओढला आणि निघून गेली. एक शब्द नाही.

पुढच्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नाला सांगलीकडे गेलो होतो. कारखान्याच्या रस्त्याला आमच्या गावची टोळी उतरलेली कळली, म्हणून गेलो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. थंडी मरणाची. पोरगी कोपीच्या तोंडाशी आठ महिन्यांच्या भावाला घेऊन बसलेली. तिने मला बघून आधी उठून उभं राहायचा प्रयत्न केला, वर्गात राहतात तशी.

तिथे कळलं. आजी आदल्या दिवाळीच्या आधीच वारली होती. मला पत्ता नाही, अन् मी त्याच गावात पगार घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून पावसाळ्याच्या तोंडाला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेस्तोवर फडातून हलता येत नाही. बाई मागे राहिली तर जोडी, म्हणजे कोयताच, मोडतो. मग बारा-तेरा वर्षांची पोरगी मागं एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? तिची आई मला म्हणाली, "गुरुजी, तुमची असती तर ठिवली असती का?"

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं. त्याचा प्रस्ताव शाळेतर्फे पाठवायचा असतो. त्या वर्षी तो पाठवायचा राहिला होता. कुणाकडून, हे सांगायला नको.

आता दिवाळीच्या आधी मी घरोघर जातो. "पोरगी का नेता?" असं विचारत नाही. "पोरगी ठेवायची म्हटलं तर काय काय लागंल?" असं विचारतो. उत्तर वेगळं येतं.

ऊनसावली
खडूफळा सर, नमस्कार घ्या. शेवटच्या दोन प्रश्नांतला फरक वहीत लिहून ठेवला.

सून_क्रमांक_एक
सगळ्यांचं वाचलं. आता जरा वेगळा सूर. पटला नाही तर सोडून द्या.

मला "समजून घे" या दोन शब्दांची ॲलर्जी आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. सासूबाई पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या, तेव्हा नवरा म्हणायचा, "समजून घे, तिने फार सोसलंय." सोसलंच होतं, खोटं नाही. विशीत वैधव्य, पदरात दोन मुलं, दिराच्या घरात दिवस काढले. मला पाठ आहे ती कहाणी, आणि माझे डोळे अजूनही भरून येतात. नणंद माझ्या कपाटातल्या साड्या न विचारता न्यायची, "समजून घे, तिच्याकडे ओढाताण आहे." नवरा चिडून ताट सरकवायचा, "समजून घे, ऑफिसचं टेन्शन आहे."

एकोणीस वर्षांत मला समजून घ्यायला कुणाला सांगितलं गेलं? सांगा बरं.

कारण असतंच. प्रत्येकाच्या वागण्यामागे कारण असतंच हो. पण ते शोधायचं काम घरात ज्याची पायरी खालची त्यालाच का लागतं? मी आठ वर्षांपूर्वी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही सोसलंय ते मला माहीत आहे. तरी पाहुण्यांसमोर बोललेलं मी ऐकून घेणार नाही." दोन महिने अबोला. मग थांबलं. आता आम्ही दोघी मिळून मालिका बघतो आणि त्यातल्या सासूला शिव्या घालतो.

चिंचगूळने ग्रुपवर लिहिलं ते चुकलंच. पण तिची झोप गेली ही तक्रार खोटी नव्हती. काकूंना आजार आहे म्हणून ती आता "आवाज येत नाही" असं खोटं बोलतेय. हेही बरोबर नाही.

निवांत_पाटील
आता धागा रंगात आला. चहा ठेवतो.

रक्तदाब
सून, मुद्दा मान्य. एक पुस्ती जोडतो. आजाराने जे होतं ते माणसाला थांबवता येत नाही. तुमच्या सासूबाईंना थांबवता येत होतं, त्या थांबल्या यावरून ते सिद्धच झालं. पण बाहेरून बघणाऱ्याला पहिल्या दिवशी या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, पंचाईत ती आहे.

सून_क्रमांक_एक
बरोबर. म्हणून बोलून बघावं लागतं. नुसतं मनातल्या मनात समजून घेतलं असतं तर मला आजही कळलं नसतं त्या थांबू शकतात की नाही.

राईनकाठी
जर्मनीतून, कोलोनजवळून. इथे येऊन सहा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात रविवारी काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायला गेलो, तर शेजारच्या आजी खिडकीतून ओरडल्या. आठवड्याने दारावर चिठ्ठी: रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावू नये. मी घरी फोन करून सांगितलं, शेजारीण वर्णद्वेषी आहे.

मग ऑफिसातल्या सहकाऱ्याने हसत हसत सांगितलं, बाबा रे, रविवारी त्या डब्यात बाटल्या टाकायच्या नसतात, आवाज होतो म्हणून. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. त्याच्या बिल्डिंगमध्येही अशाच एक आजी आहेत आणि त्या त्यालाही सोडत नाहीत. मी जीभ चावली. पुढे आमची बरी गट्टी जमली. दिवाळीची चकली त्यांना आवडते, फक्त तळायची शनिवारी, असं मीच ठरवलंय.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतर मी इतका समजूतदार झालो की काहीही झालं तरी "इथला काहीतरी नियम असेल" म्हणू लागलो. घर शोधताना एका घरमालकाने फोनवर माझं आडनाव ऐकून सांगितलं की घर गेलं. तासाभराने माझ्या जर्मन मित्राने त्याच घरासाठी फोन केला, त्याला बघायला बोलावलं. तेव्हाही माझं पहिलं वाक्य होतं, "मधे कुणीतरी नाही म्हटलं असेल." मित्रच चिडला माझ्यावर. कधी कधी माणूस खरोखरच तसा असतो, आणि ते मान्य करायला मला जास्त वेळ लागला.

सुंगटां
गोव्यातून नमस्कार. आमच्याकडे दुकान दुपारी एक ते चार बंद दिसलं की बाहेरचे लोक म्हणतात, आळशी, सुशेगाद. माझ्या मामाचं दुकान सकाळी साडेआठला उघडतं आणि रात्री आठला बंद होतं. मधल्या वेळात मामा हिशोब करतो, बँकेत जातो, अन् हो, शितकडी, म्हणजे भात-कालवण, जेवून अर्धा तास निजतोसुद्धा. मग? बाकी चालू द्या.

विरार_फास्ट
अवांतर: शितकडीबरोबर काय असतं ते सांगितल्याशिवाय जाऊ नका.

सुंगटां
माझं नाव वाचा. सुंगटां म्हणजे कोळंबी.

ऊनसावली
धागा भरकटायच्या आत माझंही सांगते. आधी लिहायचं टाळलं होतं.

माझे चुलते, वय तेव्हा ५७. देवमाणूस म्हणावा असा. हळूहळू विचित्र वागायला लागले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बिस्किटाचा पुडा उचलायचा आणि पैसे न देता निघायचं. मयताला गेले तर हसायचे. लोकांच्या तोंडावर "केवढी सुटलीस गं" म्हणायचे. आठवण एकदम चोख, सगळ्यांचे वाढदिवस पाठ. त्यामुळे आजार वगैरे कुणाच्या डोक्यात येईना. घरात एकच निकाल: म्हातारपणी चळ लागला. काकू दीड वर्ष त्यांच्याशी धड बोलत नव्हती. जावयाने येणं बंद केलं.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून सांगितलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. रक्तदाब जास्त नीट सांगतील, पण आम्हाला समजावलं ते असं: यात स्मृती आधी जात नाही, आधी लाज, संयम, दुसऱ्याची जाणीव जाते. आणि तो बऱ्याचदा साठीच्या आतच गाठतो.

निदान झालं म्हणून ते सुधारले नाहीत. पुडे उचलणं चालूच. फक्त काकू दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या दुकानदाराकडे पाचशे रुपये आगाऊ ठेवायला लागली. तो वहीत मांडून ठेवायचा. मग काका रुबाबात पुडा उचलून निघायचे, आणि दुकानदार म्हणायचा, "या साहेब."

मला वाईट वाटतं ते त्या दीड वर्षाचं. काका शेवटचे जरा तरी आपले होते, ते दीड वर्ष आम्ही त्यांच्यावर रुसण्यात घालवलं.

रक्तदाब
नीटच सांगितलंय तुम्ही. ४५ ते ६५ हे त्याचं नेहमीचं वय. त्या वयात वागणं बदललं की लोकांना व्यसन आठवतं, बाहेरचं प्रकरण आठवतं. मेंदू सगळ्यात शेवटी आठवतो. त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांगा.

लेव्हलट्यूब
चर्चा उत्तम चालू आहे. माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं अजून मिळालेली नाहीत.

चिंचगूळ
शनिवार, दुपारी ३:१०

गेले एकदाची वर. बूट, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून थोडी आंबोळी.

काकांनी दार उघडलं. मी घडाघडा बोलून टाकलं, की मी न विचारता लिहिलं, चुकलं. ते म्हणाले, "अहो, तुमची झोपमोड होत होती, तुम्ही बोललात." अहो-जाहो सुटलं नाही. मग सूनताईंचं आठवून खरं सांगितलं, की आवाज अजून येतो, मी परवा खोटं बोलले. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत? मी चार दिवस रात्रभर ती खुर्ची पलंगापाशीच ठेवतोय. हलवतच नाही." 

मला काही कळेना. म्हटलं, काल रात्रीही आला होता. पावणेदोनच्या सुमारास.

ते म्हणाले, "काल त्या वेळी ही गाढ झोपली होती आणि मी पंख्याकडे बघत पडलो होतो. मलाही आला आवाज. मला वाटलं, तुमच्याकडून येतोय."

काकू खुर्चीत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले, या वेळी फोन पर्समध्ये. त्या काहीतरी म्हणाल्या. कान तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं, "आंबोळी जाळीदार झालीय."

निवांत_पाटील
म्हणजे खुर्ची नव्हतीच? मग गेले चार दिवस आम्ही इथे कशावर गहिवरतोय?

लेव्हलट्यूब
पहिल्या पानावर, वरून तिसरा प्रतिसाद.

निवांत_पाटील
लेव्हलट्यूबराव, साष्टांग दंडवत. न ऐकता बोललो. माझीच परिस्थिती तशी होती.

पोलका_डॉट
नोंद घेण्यासारखी गोष्ट: चिंचगूळने आधी ठरवलं, वरचे उद्धट आहेत. मग ठरवलं, वरचे आजारी आहेत. दुसरी समजूत दयाळू होती, पण विचारलं तर दोन्ही वेळा नव्हतंच. मावशींकडून कळलं तेवढ्यावर आपण सगळ्यांनीच गोष्ट पुरी करून टाकली. माझ्यासकट, सनावळ्यांसकट.

लेव्हलट्यूब
आता प्रश्न परत विचारतो. पंप ऑटोमॅटिक आहे का? कधीपासून?

चिंचगूळ
रविवार, रात्री ११:०५

काल रात्री काका खाली आमच्याकडे आले. दीड वाजता. मी आणि ते हॉलमध्ये दिवा बंद करून दोन खुर्च्यांवर, परीक्षेच्या पर्यवेक्षकांसारखे. १:३० ला घर्रर्र सुरू. काकांनी माझा हात दाबला. उठून भिंतीला कान लावत लावत स्वयंपाकघराकडे गेले, डक्टच्या भिंतीशी थांबले. दहा मिनिटं ती घरघर. १:४० ला धप्प. भिंत हलल्यासारखी.

आज चौकशी केली. रात्रीचा वॉचमन पंप हाताने चालू-बंद करायचा. तो नोकरी सोडून गेला, म्हणून कमिटीने टायमर बसवला. तीन महिन्यांपूर्वी. रात्री १:३० ते १:४०.

अकरा आणि पहाटे पाचचा आवाज खुर्चीचाच होता, काकांनी ती हलवणं थांबवल्यापासून तो थांबला. मध्यरात्रीचा सोसायटीचा.

लेव्हलट्यूब
घरघर म्हणजे डक्टमधल्या चढत्या पाइपाचा क्लॅम्प सैल झालाय. पंप चालला की पाइप भिंतीवर घासतो. धप्प म्हणजे एनआरव्ही, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व. पंप बंद झाला की वर चढलेलं पाणी उलटं खाली येतं आणि व्हॉल्वची झडप आपटते. जुना व्हॉल्व असेल. स्प्रिंगवाला बसवा, क्लॅम्प आवळून मध्ये रबर घाला. खर्च फार नाही.

सून_क्रमांक_एक
आणि ग्रुपवर कोण लिहिणार? फर्निचरवाला मेसेज सगळ्यांसमोर होता, दुरुस्तीही सगळ्यांसमोरच व्हायला हवी.

चिंचगूळ
लिहिलं, सूनताई. "मागच्या आठवड्यात मी आवाजाबद्दल लिहिलं होतं. तो आवाज आपल्या पंपाचा आहे. मी चौकशी न करता लिहिलं, तिसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंची मी माफी मागितली आहे."

चार अंगठे आले. नियमावलीवाल्यांनी अजून वाचलेलं नाही, किंवा वाचलंय.

विरार_फास्ट
चारात तिघं तरी पंप न समजता दिलेले असतील. काका परत आले का ग्रुपवर?

चिंचगूळ
नाही. म्हणाले, "ग्रुपबाहेर शांत आहे गं."

लेव्हलट्यूब
व्हॉल्व बदलला का?

चिंचगूळ
चेअरमननी तीन कोटेशनं मागवायला सांगितलीत.